वटवाघूळ हाक मारते, पतंग ऐकतो

रात्री रस्त्यावरच्या दिव्याभोवती पतंग घिरट्या घालीत असतात. थोडा वेळ लक्ष देऊन पाहिले, तर अंधारातून एखादी पाकोळी, म्हणजे लहान कीटकभक्षी वटवाघूळ, सुळकन येते, एक पतंग टिपते आणि नाहीशी होते. पण दर वेळी तिला शिकार मिळतेच असे नाही. कधी कधी ती जवळ येते न येते तोच पतंग एकदम पंख मिटतो आणि दगडासारखा खाली पडतो, किंवा वेडीवाकडी वळणे घेत गवतात शिरतो. पाकोळी रिकाम्या तोंडाने निघून जाते.

आपल्याला हे सारे मूकनाट्य वाटते. वस्तुतः तेथे प्रचंड गोंगाट चाललेला असतो. काही वटवाघळांच्या हाकेची पातळी तोंडापासून १० सेंटिमीटर अंतरावर १२० डेसिबेलच्या घरात जाते. ती आपल्याला ऐकू आली असती, तर आपण कानावर हात ठेवले असते. आपल्याला काहीच ऐकू येत नाही, पण पतंगाला येते, आणि त्याचे जगणे-मरणे त्यावरच अवलंबून असते. भक्षक आणि भक्ष्य यांच्यातील हा सामना जीवशास्त्राचा विषय खराच. पण त्याचे नियम मात्र आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकातील ध्वनीच्या प्रकरणात सापडतात. ते कसे, हे पाहू.

स्पालान्झानीचे कोडे

इटलीतील पाव्हिया विद्यापीठाचे प्राध्यापक लाझारो स्पालान्झानी यांनी १७९३ साली एक साधी गोष्ट पाहिली. खोलीतील मेणबत्ती विझली, की घुबड भिंतींवर आपटू लागते. वटवाघूळ मात्र खुशाल उडत राहते. पुढे त्यांनी केलेल्या प्रयोगांत, डोळे निकामी केलेली वटवाघळेही अडथळे चुकवीत उडतात, असे दिसून आले. जिनीव्हाचे लुई ज्युरीन यांनी वटवाघळांचे कान बंद करून पाहिले. तेव्हा मात्र ती जागोजागी धडकू लागली. स्पालान्झानींनी हा प्रयोग स्वतः करून पाहिला आणि वटवाघूळ वाट काढते ते कानाने, हे त्यांना मान्य करावे लागले.

पण मुका प्राणी कानाने ऐकतो तरी काय? याचे उत्तर त्या काळी कोणाजवळच नव्हते. प्रसिद्ध फ्रेंच शास्त्रज्ञ क्युव्हिए यांनी, वटवाघूळ स्पर्शज्ञानाने अडथळे ओळखते, असे मत दिले. त्यांच्या नावाचा दबदबा एवढा होता, की कानाचा सिद्धान्त जवळजवळ सव्वाशे वर्षे बाजूला पडला.

कोडे सुटले ते १९३८ साली. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात डोनाल्ड ग्रिफिन हा विद्यार्थी वटवाघळांचा अभ्यास करीत होता. तेथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक जी. डब्ल्यू. पिअर्स यांच्याजवळ श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे माणसाच्या श्रवणमर्यादेपलीकडचा ध्वनी, टिपणारे यंत्र होते. ग्रिफिनने वटवाघळे त्या यंत्रासमोर नेली, आणि मुका समजला जाणारा प्राणी एकसारखा ओरडत असल्याचे आढळले. पुढे रॉबर्ट गॅलाम्बोस यांच्याबरोबर ग्रिफिनने दाखवून दिले, की वटवाघळाचे तोंड बांधले तरी ते कान बांधल्यासारखेच धडकते. ते हाक मारते आणि आपल्याच हाकेचा प्रतिध्वनी ऐकते. या क्रियेला ग्रिफिनने १९४४ मध्ये 'एकोलोकेशन' असे नाव दिले. आपण तिला प्रतिध्वनिवेध म्हणू.

येथे एक खुलासा केला पाहिजे. वड-पिंपळावर दिवसभर उलटी लटकणारी मोठी फळखाऊ वटवाघळे प्रतिध्वनीने वाट काढीत नाहीत. ती डोळ्यांचा आणि नाकाचा उपयोग करतात. आपली गोष्ट आहे ती लहान, कीटकभक्षी वटवाघळांची.

एवढी उंच पट्टी कशासाठी?

माणसाला साधारणपणे २० ते २०,००० हर्ट्‌झ कंप्रतेचा ध्वनी ऐकू येतो. बहुतेक कीटकभक्षी वटवाघळांच्या हाका २०,००० ते १,००,००० हर्ट्‌झच्या दरम्यान, काहींच्या त्याहूनही वर असतात. हा खटाटोप कशासाठी? उत्तर तुम्हांला ठाऊक असलेल्या सूत्रात आहे:

वेग = कंप्रता × तरंगलांबी

हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर धरू. ३४० हर्ट्‌झ कंप्रतेच्या ध्वनीची तरंगलांबी होते १ मीटर. एवढ्या लांब तरंगापुढे दोन सेंटिमीटरचा पतंग म्हणजे समुद्राच्या लाटेपुढे बुडातली काठी. लाट काठीला वळसा घालून पुढे जाते. परत फिरत नाही. तरंग अडथळ्यावरून नीट परतायचा असेल, तर तरंगलांबी अडथळ्याच्या आकाराएवढी किंवा त्याहून लहान हवी. कंप्रता ३४,००० हर्ट्‌झ घेतली, की तरंगलांबी होते १ सेंटिमीटर. आता पतंगावरून प्रतिध्वनी येऊ शकतो.

मग कंप्रता आणखी कितीही का वाढवू नये? कारण कंप्रता वाढली की हवेत ध्वनीचे शोषणही झपाट्याने वाढते. फार उंच पट्टीची हाक दूर पोचतच नाही. म्हणजे कंप्रता कमी केली तर बारीक भक्ष्य हातचे जाते, आणि वाढवली तर पल्ला आखूड होतो. या दोन अडचणींच्या मधली वाट वटवाघळाने धरली आहे.

आता दुसरी गोष्ट. प्रतिध्वनी ऐकू येण्यासाठी अडथळा निदान १७ मीटर दूर हवा, असे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. ध्वनीची संवेदना आपल्या कानात सुमारे एक दशांश सेकंद टिकते. तेवढ्या वेळात ध्वनी ३४ मीटर, म्हणजे जाऊन-येऊन १७-१७ मीटर जातो. वटवाघळाचे भागते ते याच्या शतांश अंतरात! पतंग १७ सेंटिमीटरवर असताना प्रतिध्वनी एक सहस्रांश सेकंदात परत येतो. हाक याहून लांबली, तर हाक आणि प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतील. म्हणून भक्ष्य जवळ येऊ लागले, की वटवाघूळ हाका आखूड करीत जाते. शोध घेत असताना ते सेकंदाला सुमारे दहा हाका मारते. झडप घालायच्या वेळी हीच संख्या दीडशे-दोनशेपर्यंत चढते. शिवाय दर हाकेच्या वेळी त्याच्या कानातील एक चिमुकला स्नायू आवळतो आणि लगेच सैल पडतो. म्हणून आपल्याच हाकेने त्याचे कान बधिर होत नाहीत, आणि मागून येणारा क्षीण प्रतिध्वनीही त्याला ऐकता येतो.

दोन पेशींचा कान

आता पतंगाकडे वळू. सगळ्याच पतंगांना कान नसतात, पण अनेक कुळांतील पतंगांना ते असतात. नॉक्टुइड कुळातील पतंगाचा कान डोक्यावर नसून छातीच्या मागच्या भागी, पोटाला लागून असतो. एक पातळ पडदा, त्यामागे हवेची पोकळी, आणि पडद्याला जोडलेल्या ध्वनी ओळखणाऱ्या चेतापेशी किती? फक्त दोन! आपल्या एका कानात अशा पेशी हजारोंनी मोजाव्या लागतात.

टफ्ट्स विद्यापीठाचे केनेथ रोडर आणि न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे ॲशर ट्रीट यांनी १९५० नंतरच्या दशकात या कानाचा अभ्यास सुरू केला. पतंगाच्या श्रवणचेतेला बारीक तार जोडून त्यांनी तिच्यातील विद्युत्‌स्पंद दोलनदर्शकाच्या पडद्यावर पाहिले. हे उपकरण त्यांनी रात्री उघड्यावर मांडले. मोकळ्यावर उडणाऱ्या वटवाघळाची हाक पतंगाच्या कानाने शंभर फुटांहून, म्हणजे ३० मीटरहून, अधिक अंतरावरून टिपली! उलट वटवाघळाला पतंगाचा पत्ता लागतो तो साधारण तीन-चार मीटरवर आल्यावर.

लक्षावधी पेशींच्या मेंदूच्या जोरावर शिकार करणाऱ्या वटवाघळावर दोन पेशींचा कान मात करतो कसा? याचे कारण भूमितीत आहे. हाक वटवाघळाच्या तोंडातून निघून पसरत जाते, आणि तिची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पतंगाला ऐकायची असते ती फक्त जाणारी हाक. वटवाघळाला मात्र पतंगावरून परत फिरलेला ध्वनी ऐकायचा असतो, आणि येताना तो पुन्हा त्याच नियमाने घटतो. म्हणजे प्रतिध्वनीची तीव्रता अंतराच्या चतुर्थ घाताच्या व्यस्त प्रमाणात घटते. अंतर ३ मीटरऐवजी ३० मीटर झाले, म्हणजे दहापट झाले, असे समजू. पतंगाला ऐकू येणारी हाक शंभरपट क्षीण होईल. पण वटवाघळाकडे येणारा प्रतिध्वनी दहा हजारपट क्षीण होईल! हवेतील शोषणही एकाला एकदा भोगावे लागते, तर दुसऱ्याला दोनदा. अंधारात कंदील घेऊन चालणारा माणूस दुरूनच दिसतो. त्याला मात्र कंदिलाच्या उजेडातले चार पावलांपुरतेच दिसते. तसाच हा प्रकार.

आता त्या दोन पेशींचे काम पाहा. त्यांपैकी ए-१ ही पेशी ए-२ पेक्षा सुमारे २० डेसिबेलने, म्हणजे तीव्रतेच्या हिशेबाने शंभरपट, अधिक संवेदनक्षम असते. दूरच्या क्षीण हाकेला ए-१ एकटीच प्रतिसाद देते. वटवाघूळ उजवीकडे असेल, तर उजव्या कानातील ए-१ अधिक वेगाने स्पंद पाठवते. कारण पतंगाचे शरीर आणि पंख ध्वनीची छाया पाडतात, आणि तरंगलांबी सेंटिमीटरभर असल्यामुळे ती छाया चांगली पडते. अशा वेळी पतंग शांतपणे विरुद्ध दिशेला वळतो आणि निघून जातो. ए-२ जागी होते ती हाकेची तीव्रता शंभरपट वाढल्यावर. व्यस्त वर्गाच्या नियमाने, हवेतील शोषण सोडून दिले तर, याचा अर्थ अंतर दहापट कमी झाल्यावर. म्हणजे ३० मीटरवर ए-१ जागी झाली, तर ए-२ जागी होईल सुमारे ३ मीटरवर, आणि नेमक्या याच टप्प्यात वटवाघळालाही पतंगाचा पत्ता लागलेला असतो! आता सरळ पळून उपयोग नाही. वटवाघळाचा वेग सेकंदाला ५ मीटर धरला, तरी हाती अर्धा-पाऊण सेकंदच उरतो, आणि पतंगाचा वेग सहसा त्याहून कमी. म्हणून पतंग गिरक्या घेतो, पंख मिटून खाली पडतो. तो पुढे कोठे असेल, हे त्याचे त्यालाही ठाऊक नसावे; मग वटवाघळाला कसे कळणार?

ए-१ ने वळायचे आणि ए-२ ने बुडी मारायची, हा रोडर यांचा तर्क. नोटोडोन्टिड कुळातील पतंगांच्या कानात तर एकच पेशी असते, आणि तरीही ते वटवाघळाला चुकवतात. तेव्हा सर्व पतंगांना हाच एक नियम लावता येणार नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

उपयोग किती? मोजून पाहा

पतंग बुडी मारतो म्हणून वाचतो, असे म्हणणे सोपे आहे. पण विज्ञानात मोजल्याशिवाय म्हणणे पुरे होत नाही. रोडर आणि ट्रीट यांनी रात्री प्रकाशझोतात वटवाघूळ-पतंगांच्या ४०२ गाठी प्रत्यक्ष पाहून नोंदल्या. हुलकावणी देणारे १०० पतंग वाचले, त्या प्रमाणात हुलकावणी न देणारे फक्त ६० वाचले. म्हणजे कान असण्याची आणि वेळेवर वळण्याची किंमत एका गाठीत एवढी मोठी आहे. अशा गाठी रात्रीमागून रात्री, पिढ्यान् पिढ्या होत राहिल्या, तर निसर्गाची निवड कोणाच्या बाजूने पडेल, हे सांगायला नको.

ट्रीट यांना आढळलेली आणखी एक गोष्ट फार बोलकी आहे. एक जातीची सूक्ष्म गोचिडी पतंगाच्या कानात शिरून तेथे अंडी घालते, आणि तो कान निकामी होतो. पण ती वस्ती करते ती एकाच कानात! नंतर येणाऱ्या गोचिड्याही पहिलीच्या मागावरून त्याच कानाकडे जातात. दुसऱ्याला धक्का लावीत नाहीत. कारण उघड आहे. दोन्ही कान गेलेला पतंग वटवाघळाच्या तोंडी पडेल, आणि त्याच्याबरोबर कानातील बिऱ्हाडही जाईल.

डाव आणि प्रतिडाव

पळणे हा पतंगाचा एकच डाव नव्हे. व्याघ्रपतंग म्हणून ओळखले जाणारे काही पतंग वटवाघळाच्या हाकेला स्वतःच्या श्राव्यातीत टकटकीने उत्तर देतात. डोरोथी डनिंग आणि रोडर यांनी १९६५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. हवेत उडवलेल्या अळ्या टिपायला शिकवलेल्या वटवाघळांना त्यांनी ऐन वेळी या टकटकीचे ध्वनिमुद्रण ऐकवले. वटवाघळे बहुधा तोंड फिरवून निघून गेली.

पण ती का वळली? दचकली? की 'मी कडू आहे' हा इशारा समजली? की त्यांचा प्रतिध्वनीच टकटकीत हरवला? हे तीन तर्क वेगळे करता येतात. दचकणे असेल, तर चार दिवसांत सवय होऊन परिणाम ओसरेल. इशारा असेल, तर आरंभी परिणाम होणार नाही. कडू चव घेतल्यावर होईल. प्रतिध्वनीत गोंधळ होत असेल, तर परिणाम पहिल्या रात्रीपासून शेवटच्या रात्रीपर्यंत सारखा राहील. २००९ साली कॉर्कोरन, बार्बर आणि कॉनर यांनी बर्थोल्डिया ट्रायगोना या पतंगावर हीच कसोटी लावली. हा पतंग सेकंदाला ४,५०० पर्यंत टकटकी करतो. परिणाम पहिल्यापासून शेवटपर्यंत टिकला, आणि मुका केलेला पतंग मात्र वटवाघळांनी पकडून खाल्ला. म्हणजे या पतंगाच्या बाबतीत तिसरा तर्क खरा ठरला. बाकी अनेक व्याघ्रपतंग खरोखरच कडू असतात, आणि त्यांची टकटक हा इशारा असतो.

ज्यांना कानच नाहीत, त्यांचे काय? काही बहिऱ्या पतंगांच्या अंगावरचे दाट खवले ध्वनी शोषून घेतात. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मापनांत, अंगावर पडलेल्या ध्वनीच्या ऊर्जेपैकी ८५ टक्क्यांपर्यंत भाग ते शोषतात, असे दिसले. अमेरिकेतील चंद्रपतंगाच्या पंखांना लांब, पिळदार शेपट्या असतात. उडताना त्या फिरतात आणि वटवाघळाला फसवा प्रतिध्वनी देतात. २०१५ च्या प्रयोगांत निम्म्याहून अधिक हल्ले शेपट्यांवरच झाले. शेपटी गेली, जीव वाचला. याच गणातील फिकट हिरवा, लांब शेपट्यांचा चंद्रपतंग आपल्या सह्याद्रीच्या रानांतही आढळतो.

वटवाघळेही स्वस्थ बसलेली नाहीत. दक्षिण युरोपातील एक जात १२,००० हर्ट्‌झच्या आसपास हाक मारते. ही पट्टी पतंगाच्या कानाला नीट ऐकू येत नाही. पण तरंगलांबी जवळजवळ ३ सेंटिमीटर झाल्याने लहान कीटक हातचे जातात. काही जाती उलट १,००,००० हर्ट्‌झच्या वर जातात आणि पल्ला गमावतात. बार्बास्टेल नावाचे वटवाघूळ तर इतर वटवाघळांच्या मानाने चक्क कुजबुजते. २०१० सालच्या अभ्यासानुसार त्याच्या हाकेचा दाब इतरांपेक्षा १० ते १०० पटींनी कमी असतो. त्यालाही भक्ष्य उशिरा कळते; पण पतंगाला ते त्याहून उशिरा कळते! लाभ आहे, आणि त्याची किंमतही आहे. फुकट काहीच मिळत नाही.

मधमाश्यांच्या पोळ्यांची नासाडी करणारा मेणकिडा मधपाळांना चांगला परिचयाचा असतो. त्याच्या पतंगाला ३,००,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकू येते, असे २०१३ साली आढळले. ज्ञात वटवाघळांतील सर्वांत उंच पट्टी सुमारे २,१२,००० हर्ट्‌झची आहे!

माणसानेही हाच खेळ खेळला आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानातील रडारचे तरंग टिपणारा 'मेटॉक्स' नावाचा ग्राहक जर्मन पाणबुड्यांवर १९४२ मध्ये बसवण्यात आला. रडारला पाणबुडी दिसण्यापूर्वीच पाणबुडीला रडार 'ऐकू' येई. कारण तेच: एकाला जाणारा तरंग पुरतो, दुसऱ्याला परतलेला लागतो. मग १९४३ मध्ये दोस्तांनी १० सेंटिमीटर तरंगलांबीचे रडार आणले, आणि मेटॉक्स बहिरा ठरला.

पण रडार आणि मेटॉक्स कोणीतरी विचार करून बनवले. पतंगाचा कान कोणी बनवला नाही. वटवाघळे आली म्हणून पतंगांना कान फुटले, असे आरंभी मानले जाई. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासावरून मात्र असे दिसते, की पतंगांच्या काही कुळांत कान वटवाघळांच्या कित्येक दशलक्ष वर्षे आधीच आले होते. अन्य कामासाठी असलेला कान पुढे वटवाघळांविरुद्ध उपयोगी पडला आणि त्यासाठी पारखला गेला. उत्क्रांती बहुधा घरात असलेल्या वस्तूंवरच संसार चालवते.

तुम्ही करून पाहा

लोखंडी किंवा पितळी किल्ल्यांचा जुडगा वाजवला, की ऐकू येणाऱ्या आवाजाबरोबर श्राव्यातीत ध्वनीही निघतो. रात्री दिव्याभोवती उडणाऱ्या पतंगांपासून मीटरभर अंतरावर जुडगा जोराने हलवा आणि काही पतंग एकदम वळतात किंवा खाली पडतात काय, ते पाहा. एकदाच पाहून निष्कर्ष काढू नका. पन्नास वेळा जुडगा वाजवून आणि पन्नास वेळा तो मुठीत आवळून नुसता हात हलवून पाहा. दोन्ही वेळी किती पतंग वळले, याची नोंद ठेवा. पतंग हाताच्या हालचालीला भितो की आवाजाला, हे त्यावरून ठरेल. शिक्षकांनी वर्गात ही नोंद फळ्यावर मांडून चर्चा घ्यावी. वटवाघळांना मात्र हात लावू नये आणि त्यांच्या वस्तीत शिरू नये.

हा प्रयोग एकदा दिव्याखाली आणि एकदा चांदण्यात केला, तर आणखी एक प्रश्न हाती लागेल. १९९८ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले, की रस्त्यावरच्या पाऱ्याच्या दिव्यांखाली पतंगांची हुलकावणी मंदावते. वटवाघळाची हाक कानावर पडत असूनही पतंग हवे तसे बुडी मारीत नाहीत. दिव्याभोवती पाकोळीला मेजवानी मिळते, ती काही अंशी यामुळेच. लक्षावधी वर्षे तोलत आलेला हा सामना आपण एक बटण दाबून एका बाजूला झुकवतो. पहाटेपर्यंत कोणालाच नको असलेला अंगणातला दिवा मालवणे, एवढे तरी आपल्या हाती आहेच.